कमी भूकंपाच्या भागात घर आहे? या चुका टाळा

‘आपल्याकडे भूकंप होत नाही,’ हे गृहीत धरणे ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा तो परिसर देशाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. जवळपास १०,००० माणसे गेली. पुढे २००२ च्या नकाशातून झोन १ काढूनच टाकला. भूपट्टाच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या, आतल्या भागात ताण फार सावकाश साठतो, म्हणून दोन मोठ्या धक्क्यांमध्ये शेकडो, कधी हजारो वर्षे जातात. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या आठवणीत भूकंप नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. खालचा झोन म्हणजे धक्का क्वचित बसेल. तो सौम्यच असेल, असे नाही.

‘छोटे धक्के बसताहेत, बरेच आहे, ताण निघून जातोय,’ हेही खोटे समाधान. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४ चे सुमारे १,००० धक्के लागतील. किल्लारीला १९९२ मध्येही छोटे धक्के बसले होते. प्रत्येक वेळी मोठा भूकंप येतोच असे नाही, आणि तारीख तर कुणीच सांगू शकत नाही. पण घर तपासून घ्यायला एवढे कारण पुरे.

तपासायचे काय? किल्लारीत माणसे दबली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीने लादलेल्या माळवदांखाली. जाड भिंत भक्कमच, हा समज तिथे जिवावर बेतला. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नसतील, तर हादऱ्यात ते सुटे होऊन ढासळतात. म्हणून मध्ये मध्ये आरपार जाणारे दगड हवेत, दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा हवा, आणि छतावरची माती कमी करायला हवी. गळती थांबवायला दरवर्षी नवा थर टाकणे तर आधी बंद करा.

आरसीसी इमारतीत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेला असेल, तर खांबांची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. भेगांवर नुसते प्लास्टर फिरवू नका. कोपऱ्यातली तिरकी भेग झाकली की ती वाढतेय का, तेच कळत नाही.