इटालियन प्लास्टर घरच्या घरी: पातळ हात आणि वेळेवर घोटाई

मुरवलेला चुना आणि संगमरवराची बारीक पूड, एवढाच या प्लास्टरचा मूळ मसाला. पद्धत रोमन काळातली, पण 16व्या शतकात व्हेनिसने ती उचलून धरली. पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींना संगमरवरी फरशांचं ओझं नको होतं आणि तिथल्या दमट हवेशी चुन्याचं बरं जमतं. त्याच नावाने ॲक्रिलिकचे डबेही मिळतात. इथे लिहिलंय ते खऱ्या चुन्याबद्दल.

आधी भिंत. ओल असेल तर काम सुरूच करू नका. पोपडे खरवडा, भेगा पुट्टीने भरा आणि अंधारात टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. जो उंचवटा तेव्हा दिसेल, तोच पुढे चकाकीत दुप्पट दिसेल. घासून सपाट झालं की बारीक वाळू असलेला प्रायमर मारा आणि पूर्ण वाळू द्या. गुळगुळीत रंगावर चुना धरत नाही.

थापी स्टेनलेस स्टीलचीच घ्या, कोपरे गोल केलेली. साध्या लोखंडाचे काळे ओरखडे पडतात आणि ते निघत नाहीत. हातमोजे, चष्मा हवाच; ओला चुना त्वचा आणि डोळे भाजतो. रंग मिसळायचा तर चुन्यात टिकणारा खनिज रंग, आणि सगळ्या भिंतीचा एकदमच. वाळल्यावर तो बराच फिका होतो, म्हणून आधी एका फळीवर नमुना करून बघा.

पहिला हात: थापीच्या कडेवर थोडासाच माल घ्या, थापी तिरकी धरून ताणत न्या. जाडी एक मिलिमीटरच्या आतच. खालचं थोडं दिसलं तरी चालेल. रात्रभर वाळल्यावर राहिलेल्या रेघा थापीनेच खरवडा.

दुसऱ्या हाताला आखूड, वेगवेगळ्या दिशांचे फटके मारा. दगडासारखी खोली यातूनच येते. वरून खाली या आणि एक भिंत एका बैठकीत संपवा. मी एकदा अर्ध्यावर फोन घेतला. दहा मिनिटांत कड वाळली आणि तो जोड आजही दिवा लावला की दिसतो.

तिसरा हात म्हणजे नुसतं पुसल्यासारखं. मग थांबायचं. बोट टेकवलं तर माल बोटाला लागू नये, पण भिंत गार लागावी: हीच घोटाईची वेळ. थापी जवळजवळ सपाट धरून दाब देत फिरवा. सुरुवातीला खरखर ऐकू येते, हळूहळू आवाज मऊ होतो आणि चमक वर येते. थापी चिकटत असेल तर अजून थांबा. फार वाळलं तर मात्र कितीही घासा, चमक येत नाही. माझ्या मते सगळी कला या एका तासात आहे. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच काढा.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत काही आठवडे कडक होत राहतो, त्यामुळे मेण लावायची घाई नको. डब्यावरची मुदत पाळा. मेण अगदी पातळ, मऊ कापडाने.

उरलेला माल टाकू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात वर पाण्याचा पातळ थर ठेवला की तो बराच काळ टिकतो. कपाट सरकवताना भिंतीला ओरखडा पडला, की त्याच रंगाचा माल हाताशी असतो.