टपालाने ठरलेल्या लग्नाची कादंबरी ऑडिओबुकसाठी कशी वाचावी

अमेरिकेच्या पश्चिम भागातला एखादा शेतकरी वर्तमानपत्रात जाहिरात देतो, हजार-दीड हजार मैलांवरची एक स्त्री तिला उत्तर पाठवते, पाच-सहा पत्रांत लग्न ठरते आणि ज्याला कधी पाहिलेले नाही त्याच्या गावी ती एकटीच जाऊन उतरते. एकोणिसाव्या शतकातल्या ‘मेल-ऑर्डर ब्राइड’ची ही गोष्ट इंग्रजी प्रणयकादंबऱ्यांत इतकी रुळली आहे की तिचा एक स्वतंत्र प्रकारच तयार झाला आहे. अशा कादंबरीचा मराठी अनुवाद ऑडिओबुकसाठी वाचण्याचे काम हाती आले, तर कोल्हापुरात घरच्या घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तयारी कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करावा लागतो. न पाहता ठरलेले लग्न म्हटले की आपल्याला सांगून आलेले स्थळ आठवते आणि वाचणारा नकळत त्याच ओळखीच्या सुरात वाचू लागतो. आपल्याकडे मात्र मध्यस्थ असे, मामा-मावशी चौकशी करून येत, पत्रिका आणि घराणे पाहिले जाई, आणि पुढे काही बिनसले तर जाब विचारायला माणसे असत. जाहिरातीला उत्तर देणाऱ्या या स्त्रीच्या हाती तेवढी पत्रे असतात, क्वचित एखादे छायाचित्र असते. तिच्या आवाजात लाजेपेक्षा हिशेब जास्त ऐकू यायला हवा. ‘मेल-ऑर्डर’ या शब्दामुळे ती मागवलेल्या मालासारखी वाटते, पण उत्तर पाठवायचे की नाही हे बहुधा तीच ठरवत असे, आणि बऱ्या कादंबऱ्यांत नायिकेचे पाणी त्या निर्णयातच दिसते.

कथा कोणत्या वर्षी घडते, हे संहितेच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात पुरुषांचे लोंढे कॅलिफोर्नियाकडे गेले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळण्याची सोय झाली. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक दगावले आणि पूर्वेकडे विधवा व अविवाहित स्त्रियांची संख्या वाढली. पश्चिमेकडे एकटे पुरुष आणि पूर्वेकडे एकट्या स्त्रिया, अशा स्थितीत या जाहिरातींना अर्थ आला. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमंटरी येथे दोन्ही बाजूंचे रेल्वेमार्ग जोडले गेले आणि महिनोन्महिन्यांचा प्रवास साधारण आठवड्यावर आला. त्याआधीची नायिका खडखडत्या गाडीतून किंवा पनामाच्या वाटेने जहाजातून आलेली असणार, त्यानंतरची बहुधा आगगाडीतून. त्या प्रवासाचा शिणवटा तिच्या पहिल्या संवादात उतरावा लागतो, म्हणून हे वर्ष महत्त्वाचे आहे. १८६४ मध्ये एसा मर्सर यांनी मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गिरण्यांच्या गावाकडच्या अकरा स्त्रिया पनामामार्गे सिअ‍ॅटलला नेल्या. त्या पत्रावर ठरलेल्या वधू नव्हत्या, बहुतेकींना शिक्षिकेचे काम देऊ केले होते. तरीही युद्धामुळे कापूस येईनासा झाला आणि गिरण्या थंडावल्या, ही त्यामागची ओढाताण समजून घेतली की या कथांमधली नायिका घर का सोडते हे उमगते. इचलकरंजीत माग बंद पडलेले पाहिलेल्या श्रोत्याला तर ते वेगळे समजावून सांगण्याची गरजच पडत नाही.

‘ऐतिहासिक’ हा शब्दही घोटाळा करतो. ऐतिहासिक कादंबरी म्हटले की आपल्या आवाजाला आपोआप तुतारी लागते. येथे इतिहास आहे तो पिठाच्या पोत्यांचा, कंदिलातल्या तेलाचा आणि थंडीत दगावणाऱ्या वासरांचा, म्हणून आवाज ओसरीवरचा ठेवावा. ज्यांनी शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय लावून घेतली आहे, त्यांना हे विशेष जड जाते, कारण माइकपुढे शेवटची रांग एका वितीवर असते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो पत्रांचा आहे. बहुतेक नवे वाचक नायकाचे पहिलेच पत्र भारदस्त पुरुषी आवाजात वाचून मोकळे होतात. माझ्या मते ही या प्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे. नायिकेने तो आवाज अजून ऐकलेलाच नाही, मग श्रोत्याने तो का ऐकावा? दोघांची भेट होईपर्यंत त्याची पत्रे तिच्याच मनातल्या आवाजात वाचावीत. ती वाचताना कुठे थांबते, कोणते वाक्य दुसऱ्यांदा वाचते, कोणत्या शब्दापाशी तिला शंका येते, हे त्या वाचनात कळू द्यावे. त्याचा स्वतःचा आवाज पहिल्यांदा उमटावा तो स्टेशनच्या फलाटावर. पत्रातून तिने मनात बांधलेला माणूस आणि समोर उभा असलेला माणूस यांतले अंतर श्रोत्याला तिच्याबरोबरच जाणवते. या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. पत्रे नायकाने लिहिलीच नव्हती, ती त्याच्या बहिणीने किंवा मित्राने लिहिली होती, असे वळण या कथांत वारंवार येते, आणि आधीच त्याच्या आवाजात पत्रे वाचलेली असतील तर ते रहस्य वाचणाऱ्यानेच फोडलेले असते किंवा श्रोत्याची फसवणूक तरी केलेली असते. भेटीनंतर जुने पत्र पुन्हा आले, तर मात्र त्यात त्याच्या आवाजाची थोडी छटा मिसळू द्यावी.

मराठीने आपल्याला येथे एक हत्यार जास्तीचे दिले आहे. इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठी अनुवादकाला मात्र ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’ यांतून निवड करावीच लागते. पहिल्या पत्राचा मायना ‘आपण’चा असतो, घरात आल्यावर ‘तुम्ही’ येते आणि केव्हातरी ‘तू’ उमटते. वाचनापूर्वी संपूर्ण संहिता चाळून हे बदल कोणत्या पानांवर होतात ते तांबड्या पेन्सिलीने खुणावून ठेवावे. पहिल्या ‘तू’च्या आधी क्षणभर थांबावे, पण शब्दावर जोर देऊ नये. जोर दिला की तो नाटकी वाटतो. अनुवादकाने मध्येच पुन्हा ‘तुम्ही’ लिहिले असेल, तर तो रुसवा आहे की नजरचूक आहे हे त्याला विचारून घ्यावे. स्वतःच्या अंदाजाने शब्द बदलू नये.

बोलीच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी हात आखडता घ्यावा. रांगडा शेतकरी दिसला की त्याला ‘व्हय’ आणि ‘लई’ बोलायला लावण्याचा मोह अनावर होतो, पण त्याने तोंड उघडताच वायोमिंगचे माळरान नाहीसे होऊन श्रोता थेट गडहिंग्लजच्या बाजारात पोहोचतो. अनुवाद प्रमाण मराठीत असेल तर रांगडेपणा शब्दांत न घालता लयीत आणावा: तुटक वाक्ये, कमी चढउतार, उत्तर देण्यापूर्वी जरा जास्त वेळ. उच्चारांची यादी मात्र आधीच करावी. आर्कन्सॉमध्ये शेवटचा ‘स’ नाही, इलिनॉयमध्येही नाही. मराठीतल्या जोड्याही तपासाव्यात. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा यांतले दोन ‘ज’ वेगळे आहेत, आणि चुकीचा ‘ज’ लागला की आजारी पत्नीच्या उशाशी बसलेला नायक हास्यास्पद होतो.

खोलीसाठी मोठा खर्च लागत नाही. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट समोर, पाठीमागे दोरीवर दोन जाड वाकळा आणि पायाखाली घोंगडे एवढ्याने घुमारा बराच उतरतो. पंखा बंद, फ्रीज बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसण्यात अर्थ नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर धावतात, त्यामुळे रस्त्याकडेच्या घरात रात्रीची शांतताही गृहीत धरू नये. माइक तोंडापासून एक वीत दूर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा झोत थेट आदळत नाही. वाचनापूर्वी तांबडा रस्सा टाळावा, पण उपाशीही बसू नये, कारण पोटातली गुरगुर माइक बिनचूक पकडतो. प्रेमप्रसंगात कुजबुजण्याऐवजी आवाज तोच ठेवून गती कमी करावी. शेजारच्या खोलीत सासूबाई असतील तर कुजबुज आपोआपच होते, म्हणून ती प्रकरणे घर रिकामे असताना उरकावीत.

तांत्रिक अटी प्रकाशकाकडून लेखी घ्याव्यात. सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च पातळी उणे ३ च्या खाली आणि शांततेतला खरखराट उणे ६० च्या खाली, ही मागणी ऑडिओबुकच्या व्यवसायात रूढ आहे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरते. चूक झाली की वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचावे, शब्दाला ठिगळ लावू नये. ध्वनिहक्क मूळ लेखकाकडून आणि अनुवादकाकडूनही घेतलेले आहेत ना, हे विचारावे. भारतीय कायद्यानुसार हस्तांतराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

संपूर्ण पुस्तक मुद्रित करण्यापूर्वी पहिल्या पत्रापासून फलाटावरच्या भेटीपर्यंतचा भाग वाचावा आणि ज्याने कादंबरी वाचलेली नाही अशा एखाद्या व्यक्तीला ऐकवावा. नायक बोलण्याच्या अगदी आधी ध्वनिफीत थांबवून, तो किती वर्षांचा असेल आणि कसा बोलत असेल, असे विचारावे. त्या व्यक्तीने खात्रीने उत्तर दिले, तर सगळी पत्रे पुन्हा वाचावी लागतील.