तुटक्या कानशीपासून मार्किंग नाइफ

पेन्सिलची रेघ जाड येते, पटाशी कुठं लावायची तेच कळंना, म्हणून म्हणतो मार्किंग नाइफ, म्हणजे लाकडावर बारीक रेघ कोरायची सुरी, घरीच बनवा. लातूरला भंगारात जुनी चपटी कानस सहज भेटते, ३ मिमीच्या आसपास जाडी बघा. बहुतेक कानशींचं पोलाद जास्त कार्बनचं असतं, आधीच कडक, त्यामुळं परत तापवायची गरजच नाही.

ग्राइंडरवर टोक तिरपं काढा आणि धार एकाच बाजूनं, २५ ते ३० अंशात. इथं घाई करू नका बरं का, दोन सेकंद टेकवलं की पाण्यात बुडवायचं, कारण पातं निळं पडलं की मऊ झालं समजा, मग तेवढा भाग घासून काढावाच लागतो. चष्मा घाला.

खरं काम मागच्या बाजूचं. कानशीचे दात पूर्ण घालवून ती बाजू काचेवर सँडपेपर ठेवून घासा, २२० नंबरचा, मग ४००, मग १०००, आरशासारखी सपाट झाली पाहिजे, हीच बाजू गुण्याला (काटकोन आखायच्या पट्टीला) चिकटून चालते, थोडा जरी फुगवटा राहिला तर रेघ सरकलीच.

मुठीला बाभळीच्या दोन पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवा, वरून जवसाचं तेल. वापरताना पहिली रेघ हलक्या हातानं, दुसरी दाबून.