ब्लाइंड ऑडिशनची तयारी अशी करा

माझ्या क्लासच्या पोरांना मी ‘द व्हॉइस इंडिया’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा २०१५चा पहिला सीझन डोळे मिटून ऐकायला लावते. हिमेश रेशमिया, सुनिधी चौहान, शान, मिका सिंग हे चार कोच पाठमोरे बसलेले. आवाज आवडला तरच बटण दाबून खुर्ची वळणार. म्हणजे जरीचा कुर्ता आणि हातवारे (आयांनो, ऐकताय ना?) बिनकामाचे.

गाणं दीड मिनिटात बसवा. सुरुवातीचा म्युझिक पीस छाटा, थेट मुखड्यावर या. पट्टी (गाण्याचा आधार सूर) मात्र नीट ठरवा. घरी काळी दोनमध्ये आरामात गात असाल, तर तिथे पांढरी दोन, म्हणजे अर्धा सूर खाली घ्या. छातीत धडधड असली की दम कमी पडतो आणि तारसप्तकात आवाज चिरकतो. फोनवर रेकॉर्ड करून शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकवा. पहिल्या दोन ओळींत त्याने मान वर केली नाही, तर गाणं बदला. मूळ गायकाच्या हरकती (सुरांची बारीक नक्षी) जशाच्या तशा उचलू नका, ती नक्कल लगेच कळते.

दोन-तीन खुर्च्या वळल्या तर कोच तुम्ही निवडायचा असतो. नाव घरूनच ठरवून जा. पुढे बॅटल राउंडला आपल्याच टीममधल्या कुणाशी तरी एकच गाणं वाटून गावं लागतं, तेव्हा दुसऱ्याचा भागही पाठ ठेवा.