रोमन सैनिकाचे आजारपण, रजा आणि लग्न: नियम कसे तपासावेत

रोमन सैनिकाला आजारपणात पगार मिळत होता का, त्याला रजा कोण देत असे आणि त्याला लग्न करता येत होते का, हे प्रश्न इतिहासाचे विद्यार्थी आणि ऐतिहासिक कथा लिहिणारे लेखक वारंवार विचारतात. एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह येथे टाळलेलाच बरा. आपला सैनिक कोणत्या वर्षी, कोणत्या दलात आणि कोणत्या हुद्द्यावर होता, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. लीजन हे रोमन नागरिकांचे दल होते, तर साहाय्यक तुकड्यांत बहुतांशी नागरिकत्व नसलेले लोक भरती होत, आणि दोघांना लागू होणारे नियम अनेक ठिकाणी वेगळे होते.

काळ ठरवताना सम्राट ऑगस्टसपासून सुरुवात करावी, कारण पगारी आणि ठराविक मुदतीच्या नोकरीची घडी त्याने बसवली. लीजनमधील सैनिकाची मुदत त्याने इसवी सन पूर्व 13 मध्ये 16 वर्षे आणि इसवी सन 5 मध्ये 20 वर्षे केली, निवृत्तीची रक्कम 3,000 देनारियस (रोमन चांदीची नाणी) ठरवली आणि ती देण्यासाठी इसवी सन 6 मध्ये स्वतंत्र लष्करी खजिना उभारला. पुढे प्रत्यक्ष नोकरी साधारण 25 वर्षांची होत गेली. वार्षिक पगार 225 देनारियस होता आणि तो तीन हप्त्यांत मिळे. सम्राट डोमिशियनने तो 300 केला.

आजारपणाच्या पगाराचा शोध पगारपत्रकापासून सुरू करावा. इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसवर (वनस्पतीपासून केलेल्या कागदावर) इसवी सन 81 च्या सुमाराचा दोन सैनिकांचा हिशेब आहे. त्यातील एकाच्या पहिल्या हप्त्याचे 248 द्राख्मा (इजिप्तमधील नाणे) जमा आहेत आणि त्यातून चारा 10, जेवण 80, बूट व पट्टे 12, छावणीतील सॅटर्नेलियाचा सण 20 आणि कपडे 60 अशी 182 द्राख्मांची कपात होऊन 66 शिल्लक राहिले आहेत. औषधोपचाराच्या नावाने त्यात एकही कपात नाही. मात्र एका पत्रकावरून सर्व सैन्याचा नियम ठरवू नये. आजारी माणसाचे नाव तुकडीच्या पटावर राहत होते का, हे दुसऱ्या प्रकारच्या कागदावरून पाहावे.

असा कागद, खरे तर लाकडाची पातळ पट्टी, उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा येथे मिळाला आहे. पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकातील तुंग्रियन नावाच्या साहाय्यक तुकडीचा तो 18 मे रोजीचा हजेरीपट आहे. एकूण 752 जणांपैकी 456 बाहेरगावी होते आणि 296 छावणीत होते. छावणीतील माणसांमध्ये 15 आजारी, 6 जखमी आणि 10 डोळे आलेले अशी 31 जणांची वेगळी नोंद असून उरलेले 265 कामास योग्य दाखवले आहेत. ‘डोळे आलेले’ हा रकाना वेगळा ठेवणाऱ्या त्या कारकुनाबद्दल मला फार आदर वाटतो. आजारी माणूस कामातून वगळला जाई, पण पटावरून कमी होत नसे, हे त्याच्यामुळेच आपल्याला ठामपणे सांगता येते.

दुखणे बरे होणारे नसेल तर प्रश्न सेवामुक्तीचा होतो. रोमन कायद्याच्या ‘डायजेस्ट’ या संकलनात सेवामुक्तीचे तीन प्रकार दिले आहेत: मुदत पूर्ण झाल्यावरची सन्माननीय, शरीराच्या किंवा मनाच्या दोषामुळे सैनिक कामास अयोग्य ठरल्यावरची आणि गुन्ह्यामुळे झालेली अपमानास्पद. दुसऱ्या प्रकारात मनाचाही उल्लेख आहे, याची नोंद अवश्य घ्यावी.

रजेच्या बाबतीत पहिली चूक होते ती वर्षाला अमुक दिवस रजा असे गृहीत धरण्याची. रजा हा हक्क नव्हता, ती अधिकाऱ्याची मर्जी होती. विंडोलांडा येथेच रजेचे अनेक अर्ज सापडले आहेत आणि त्यांची भाषा जवळपास ठरीव आहे: आपण मला रजा मिळण्यास पात्र समजावे, अशी विनंती. मेसिकस नावाच्या सैनिकाने कोरिया, म्हणजे आजच्या कॉर्ब्रिज, येथे जाण्यासाठी असा अर्ज केला होता. अधिकाऱ्याने रजा अत्यंत काटकसरीने द्यावी, असे लष्करी कायद्याचे जाणकारही बजावतात. प्रत्यक्षात मात्र कामातून सूट मिळवण्यासाठी सेंच्युरियनला, म्हणजे सैनिकांच्या लगतच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला, पैसे चारावे लागत, आणि इसवी सन 14 मध्ये डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातील सैनिकांनी बंड केले तेव्हाच्या तक्रारींत ही तक्रारही होती. इसवी सन 69 मध्ये सम्राट ओथोने हे पैसे सरकारी तिजोरीतून देण्याचे कबूल केले. त्यामुळे ही प्रथा किती रुजली होती, ते कळते.

रजा संपूनही सैनिक परतला नाही, तर त्याला थेट पळपुटा ठरवत नसत. तो कुठे होता, का होता आणि त्याने काय केले, याची चौकशी होई. आजारपण, आईवडील किंवा सोयरे यांची ओढ, पळालेल्या गुलामाचा पाठलाग ही कारणे क्षम्य मानली जात. प्रवासाचे दिवस हिशेबात घेतले जात आणि वाटेत दरोडेखोरांनी अडवल्याचे सिद्ध झाले तरी सैनिकाला परत घेतले जाई, मात्र मुदतीत पोहोचता येईल इतक्या वेळेवर तो निघाला होता, हे त्याला दाखवावे लागे.

लग्नाचा नियम सर्वांत कडक होता आणि त्याची झळ सैनिकापेक्षा त्याच्या घरच्या बाईला अधिक बसली. नोकरीत असलेल्या सामान्य सैनिकाला कायदेशीर लग्न करता येत नसे. ही बंदी ऑगस्टसची मानली जाते. तुकडीप्रमुखाला ती लागू नव्हती, म्हणूनच विंडोलांडा येथे प्रमुख सेरिआलिसची पत्नी लेपिडिना हिला वाढदिवसाचे बोलावणे आलेले दिसते. सामान्य सैनिक स्त्रीसोबत संसार करत आणि त्यांना मुलेही होत, पण कायद्याच्या नजरेत ते लग्न नसे. इसवी सन 117 मध्ये इजिप्तच्या प्रांताधिकारी लुपुसपुढे एका स्त्रीने मृत सैनिकाकडे ठेवलेली ठेव परत मागितली, तेव्हा अशा ठेवी म्हणजे हुंडाच असतो आणि सैनिकाला लग्नाची परवानगी नाही, असे सांगून त्याने दावा फेटाळला. दोनच वर्षांनी, 119 मध्ये, सम्राट हेड्रियनने अशा मुलांना रक्ताचे नातेवाईक म्हणून बापाच्या मालमत्तेवर दावा करण्याची मुभा दिली. औरस मात्र ती ठरली नाहीत.

साहाय्यक तुकडीतील सैनिकासाठी काशाचे सनदपत्र पाहावे. 25 वर्षांच्या नोकरीनंतर त्याला नागरिकत्व आणि एकाच स्त्रीशी कायदेशीर विवाहाचा हक्क मिळे. आधी झालेल्या मुलांनाही नागरिकत्व मिळत असे, पण इसवी सन 140 च्या सुमारास ही सवलत बहुतेकांसाठी बंद झाली. म्हणून सनदेचे वर्ष नीट वाचावे. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने 197 मध्ये सैनिकांना बायकांसोबत राहण्याची परवानगी दिली. त्याआधीच्या एखाद्या सैनिकाच्या थडग्यावर ‘उक्सोर’, म्हणजे पत्नी, असा शब्द कोरलेला आढळला, तर त्यावरून कायदेशीर लग्नाचा निष्कर्ष काढू नये आणि तो शब्द खोटाही मानू नये. दगड घडवून घेणाऱ्यांसाठी ती पत्नीच होती.