वेताच्या खुर्चीचा झोळ कसा काढला

चंडीगडच्या सेक्टर ५ मध्ये पिएर जानरे यांचं घर आहे. चंडीगड शहर उभारताना तिथल्या इमारती आणि फर्निचरचं काम पाहणारे हे स्विस वास्तुकार. १९६५ पर्यंत ते तिथे राहत होते, आता तिथे संग्रहालय आहे. तिथल्या सागवानी खुर्च्या पाहिल्यापासून उलट्या व्ही आकाराचे ते पाय डोक्यातून जाईनात. परदेशी लिलावात लाखोंना जाणाऱ्या या खुर्च्या मुळात सरकारी कचेऱ्यांसाठी घडवल्या होत्या!

पुढे जुन्या बाजारात त्याच धाटणीची एक खुर्ची मिळाली. खरी चंडीगडची नव्हे, पण सागवान अस्सल आणि वेत हातविणीचा. बैठकीला मात्र चांगला चार बोटं झोळ. एका दुकानदाराने सगळा वेत काढून नवा विणायला सांगितला. मन मानेना, कारण एकही पट्टी तुटलेली नव्हती.

खुर्ची उलटी केली. वेताची वरची बाजू गुळगुळीत असते, ती पाणी पीत नाही. खालची खरखरीत बाजू पिते. म्हणून जुना पंचा गरम पाण्यात बुडवून, पिळून, खालूनच अर्धा तास दाबून ठेवला. लाकडाला ओल लागू नये म्हणून चौकट कोरड्या फडक्याने पुसत राहिले. मग सावलीत, वाऱ्यावर रात्रभर ठेवली. उन्हात ठेवू नका, वेत तडकतो. पूर्ण सुकेपर्यंत बसायचंही नाही.

सकाळी बैठकीवर बोटाने टिचकी मारली तर डफासारखा आवाज आला. एका कोपऱ्यात थोडा झोळ उरला होता, तेवढ्याच जागी पुन्हा पंचा ठेवला. पट्टी तुटली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही, विणणाराच गाठावा लागतो.