प्रजासत्ताक दिनाच्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना: पाळकांसाठी मार्गदर्शन

26 जानेवारीच्या जवळच्या रविवारी बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत जवानांसाठी दोन ओळींची प्रार्थना होते, टाळ्या वाजतात आणि विषय तिथेच संपतो. आपण दर रविवारी उघड्या दाराने उपासना करतो. त्यामागे ज्यांचे श्रम आणि ज्यांचे प्राण आहेत, त्यांचे आभार नीट तयारीनेच मानले पाहिजेत.

तयारी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा. पहिले काम नावांच्या यादीचे. मंडळीतल्या कुटुंबांपैकी सैन्यात कोण होते, सध्या कोण आहे, कर्तव्यावर असताना कोण गेले, हे घरी जाऊन विचारा. संपूर्ण नाव, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख लिहून घ्या आणि तो कागद घरच्यांना वाचून दाखवा. चुका होतात त्या इथेच: नाईकाचा हवालदार होतो, पलटणीचा आकडा बदलतो, आणि वीरमातेच्या कानावर आपल्या मुलाचे नाव चुकीचे पडते. नाव मोठ्याने वाचलेले चालेल का, हेही विचारा. काही घरांना ते नको असते, तेव्हा आग्रह करू नका. गावातल्या इतर धर्मांच्या वीरकुटुंबांनाही बोलवा. त्यांचा पत्ता हवा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहा.

उपदेश 12 ते 15 मिनिटांचा पुरे. 1 तीमथ्य 2:1-2 हा शास्त्रपाठ घ्या, कारण त्यात सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना आणि उपकारस्तुती शेजारीशेजारी येतात. योहान 15:13 घेतलात तर मात्र जपून बोला. मित्रांसाठी प्राण देणाऱ्याची प्रीती मोठी, हे जवानाबद्दल म्हणता येते. पण त्याचे मरण ख्रिस्ताच्या वधस्तंभाच्या बरोबरीने मांडले तर उपदेश सिद्धान्तात घसरतो, आणि घरच्यांनाही ते अवघड वाटते.

दोन ऋणे वेगळी ठेवून सांगा. पहिले ऋण संविधान घडवणाऱ्यांचे. धर्मस्वातंत्र्य संविधानाच्या 25व्या कलमाने दिले. ते कोणत्याही लढाईत जिंकून मिळालेले नाही. हे कलम सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, तसेच धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, तेही सांगा. ‘प्रसार’ हा शब्द ठेवावा की नाही यावर डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत वाद झाला. तेव्हा पंडित लक्ष्मीकांत मैत्र, कन्हैयालाल मुन्शी आणि टी. टी. कृष्णम्माचारी हे हिंदू सभासद त्या शब्दाच्या बाजूने बोलले. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. ही नावे फार थोड्या मंडळ्यांत घेतली जातात, म्हणून ती उपदेशात आवर्जून घ्याच.

दुसरे ऋण जवानांचे. ज्या देशात हे संविधान चालते, तो देश ते राखतात. परमवीरचक्राच्या मानकऱ्यांतून चार नावे घ्या: 1947 चे मेजर सोमनाथ शर्मा, 1965 चे अब्दुल हमीद, त्याच वर्षीचे मुंबईत जन्मलेले पारशी अर्देशिर तारापोर आणि 3 डिसेंबर 1971 रोजी आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरच्या लढाईत पडलेले ख्रिस्ती आदिवासी लान्स नाईक अल्बर्ट एक्का. फक्त एक्कांचे नाव घेऊन थांबू नका, नाहीतर उपकारस्तुतीऐवजी ती आपल्याच समाजाची फुशारकी ठरेल. सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री हे धर्मशिक्षक असतात, आणि अनेक छावण्यांत एकच ‘सर्व धर्म स्थळ’ असते, हेही सांगण्यासारखे आहे.

स्मरणाचा क्रम असा ठेवा: नावे, लास्ट पोस्ट (शहिदांच्या स्मरणाची बिगुलाची धून), दोन मिनिटे शांतता, राऊज (शांतता संपल्याची बिगुलाची धून), मग मध्यस्थीची प्रार्थना. एका नावाला साधारण 10 सेकंद धरा, म्हणजे 12 नावांना दोन मिनिटे लागतील. बिगुलवादक हवा असेल तर जवळच्या लष्करी केंद्राला महिनाभर आधी पत्र द्या. तो न मिळाल्यास ध्वनिमुद्रण लावा, पण आदल्या संध्याकाळी त्याच स्पीकरवर ते ऐकून घ्या. शांतता हातातल्या घड्याळावर मोजा. नुसत्या अंदाजाने उभा राहणारा पाळक चाळिसाव्या सेकंदालाच ‘आमेन’ म्हणतो. पेटीवाल्यालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तो मध्येच सूर धरणार नाही.

वीरपत्नी, वीरमाता आणि मुले यांना दुसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेला बसवा, म्हणजे रडू आले तर त्यांना सहज बाहेर जाता येईल. त्यांना न विचारता व्यासपीठावर बोलावू नका, आणि लोकांसमोर पाकीट तर मुळीच देऊ नका.

राष्ट्रध्वज वेदीवर किंवा मेजावर अंथरू नका. ध्वजसंहितेला ते मान्य नाही. तो काठीला लावायचा असेल तर वक्त्याच्या उजव्या हाताला उभा करा. राष्ट्रगीत सुमारे 52 सेकंदांचे असते. ते उपासनेच्या अगदी शेवटी, आशीर्वादानंतर घ्या. मुलांना कागदी झेंडे दिलेत तर दारात टोपली ठेवून ते परत गोळा करा, नाहीतर तासाभरात ते अंगणात पायदळी येतात.

त्या दिवसाचे दान ध्वजदिन निधीला द्यायचे असेल तर तसे दानाआधीच जाहीर करा आणि पैसे वेगळ्या थैलीत घ्या. दोन कारभाऱ्यांनी मोजणी करून सह्या कराव्यात. रक्कम धनादेशाने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरा आणि पावती पुढच्या रविवारी सूचनाफलकावर लावा.